पैशाचे हॉटेल आणि खाणावळ : महानगरातील अल्पज्ञात भोजनगृहे आणि त्यांच्या ‘शोधा’चा इतिहास

कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर, पूर्वीच्या अल्बर्ट हॉलच्या वास्तूत, १९४२ मध्ये कॉफी हाऊस सुरू झाले. बंगाली साहित्याच्या आणि राजकीय चळवळींच्या इतिहासात या कॉफी हाऊसचा उल्लेख इतक्या वेळा येतो की, ज्याने कोलकाता पाहिलेले नाही अशा मराठी वाचकालाही ते परिचित वाटते. मन्ना डे यांनी १९८३ मध्ये गायिलेल्या गीताने तर ते बंगाली स्मरणरंजनाचे पीठच झाले. या कॉफी हाऊसपासून काही मिनिटांच्या अंतरावर, प्रेसिडेन्सी कॉलेजच्या बाजूला, भवानी दत्त लेन नावाची गल्ली आहे. तेथे एका ओडिया कुटुंबाने चालविलेले ‘स्वाधीन भारत हिंदू हॉटेल’ आहे. पुस्तकबाजारातील कामगार, छापखान्यांतील जुळारी, खेड्यापाड्यांतून शिकायला आलेले विद्यार्थी आणि मुफस्सिल भागातून नोकरीसाठी आलेले कारकून यांच्या अनेक पिढ्या येथे जेवल्या. कॉफी हाऊसमध्ये तासन्‌तास चर्चा करणाऱ्यांपैकी कित्येकांनी दुपारचा भात या गल्लीत खाल्ला असणार. तरीही साहित्येतिहासात कॉफी हाऊसला स्वतंत्र प्रकरण मिळते आणि या हॉटेलाला फार तर एक ओझरती ओळ. सुभाषचंद्र बोस विद्यार्थिदशेत येथे जेवत असत, ही आख्यायिका अलीकडच्या वर्तमानपत्री लेखांतून आवर्जून सांगितली जाते. ती खरी की खोटी यापेक्षा तिची गरज का भासते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. सामान्यांच्या भोजनाला इतिहासात प्रवेश मिळवायचा तर त्याला एखाद्या असामान्य पाहुण्याची शिफारस लागते.

महानगरातील ‘अल्पज्ञात’ भोजनगृहे शोधून काढणे हा गेल्या दोन-तीन दशकांत शहरी लेखनाचा एक रूढ प्रकार झाला आहे. वर्तमानपत्रांतील सदरे, मार्गदर्शिका, प्रवासलेख यांतून ‘दडलेली रत्ने’ सतत उजेडात येत असतात. पण जेथे दररोज दोन-तीनशे माणसे जेवून जातात ती जागा अल्पज्ञात कोणाला? जेवणाऱ्यांना ती उत्तम ज्ञात असते. ती अज्ञात असते ती लिहिणाऱ्यांना. ‘शोध’ या शब्दात शोधणाऱ्याचे स्थान आधीच गृहीत धरलेले असते, हे भूगोलाच्या इतिहासात आता सर्वमान्य आहे. भोजनगृहांच्या बाबतीत मात्र ते अद्याप पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही. कोलकात्याचे ‘पाइस हॉटेल’ आणि मुंबईची खाणावळ या दोन संस्था शेजारी ठेवून पाहिल्या, तर या शोधाच्या आधीचा इतिहास काय होता आणि तो कोणी लिहून ठेवला, याविषयी काही सांगता येते.

प्रथम नावांकडे पाहावे. पाइस हॉटेल हे नाव नाण्यावरून आले आहे. दशमान पद्धत १९५७ मध्ये सुरू होण्यापूर्वी एका रुपयाचे सोळा आणे आणि एका आण्याचे चार पैसे होते. म्हणजे एक पैसा हा रुपयाचा चौसष्टावा भाग. या नाण्यांत ज्याचा हिशेब होतो ते पाइस हॉटेल. मराठीतील ‘खाणावळ’ या शब्दाची घडणही अशीच आहे. धुणावळ, शिवणावळ, लिहिणावळ या शब्दांत ‘-आवळ’ हा प्रत्यय कामाचा मोबदला दाखवितो. खाणावळ हा त्याच साच्यातला शब्द असून खाण्याबद्दल द्यावयाचे पैसे आणि ते देऊन जेथे खावयाचे ती जागा असे दोन्ही अर्थ त्याने वागविले. आज पहिला अर्थ मागे पडला आहे, एवढेच. दोन्ही भाषांनी या जागेला नाव देताना तिच्या मालकाचा, पदार्थाचा वा प्रदेशाचा विचार केला नाही, किमतीचा केला. भोजन हे आतिथ्याच्या क्षेत्रातून बाहेर पडून व्यवहाराच्या क्षेत्रात आले, याची नोंद भाषेने साहित्याच्या कितीतरी आधी घेतली आहे. तमिळ नगरांत याच जागी ‘मेस’ हा शब्द बसला. चेन्नईच्या ट्रिप्लिकेन भागातील एकट्या पुरुषांच्या ‘मॅन्शन’ नावाच्या वसाहतींभोवती अशा मेस वाढल्या. तो मात्र स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

पाइस हॉटेलची कार्यपद्धती तिच्या अर्थकारणातून उगवलेली आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही हॉटेले वाढली. रासबिहारी अ‍ॅव्हेन्यूवरील ‘तरुण निकेतन’ची परंपरा १९१५ पर्यंत मागे नेली जाते. खिदिरपूरचे ‘यंग बेंगॉल हॉटेल’, न्यू मार्केटजवळील ‘सिद्धेश्वरी आश्रम’ ही याच कुळातली. आरंभी जमिनीवर आसने मांडून पंगत बसे. मग संगमरवरी पृष्ठभागाची मेजे आली आणि अनोळखी माणसे एकाच मेजाभोवती बसू लागली. भात केळीच्या पानावर वाढला जातो आणि त्या पानाचेही वेगळे पैसे पडतात. लिंबाची फोड, जादा भात, डाळ, भाजी, मासा या प्रत्येकाचा दर स्वतंत्र असतो. नवख्या माणसाला हा कंजूषपणा वाटतो, पण त्यामागचे तर्कशास्त्र सरळ आहे. ज्याच्याकडे भात, डाळ आणि एका भाजीपुरतेच पैसे आहेत त्याने दुसऱ्याच्या माशाचा भार का उचलावा? पूर्ण थाळीचा एकच दर ठेवणाऱ्या पद्धतीत कमी खाणारा जास्त खाणाऱ्याचे पैसे भरतो. पाइस हॉटेलात तसे होत नाही. गरीब माणूस कमी पैशांत, पण ताठ मानेने उठतो.

फळ्यावर खडूने लिहिलेली दररोज बदलणारी यादी हेही याच व्यवहाराचे अंग होय. शीतपेटी नसण्याच्या काळात पहाटे बाजारात जो मासा मिळेल तोच दुपारी शिजणार आणि त्या दिवशीच्या भावानेच विकला जाणार. रुई, कातला, पाबदा, पार्शे, टेंगरा, चितळ यांची नावे आणि दर रोज पुसून रोज लिहावे लागत. वाढपी ही सगळी यादी एका दमात म्हणून दाखवितो, कोणी काय घेतले ते लक्षात ठेवतो आणि ग्राहक हात धुऊन गल्ल्यापाशी पोहोचेपर्यंत त्याचा आकडा ओरडून सांगतो. हे मौखिक हिशेबाचे कौशल्य आहे. मौखिक परंपरांच्या अभ्यासकांचे लक्ष कथनकारांकडे आणि गायकांकडे जाते, वाढप्याकडे नाही. सिद्धेश्वरी आश्रमाची ख्याती ज्या ‘कबिराजी झोल’साठी आहे तो माशाचा पातळ, कमी मसाल्याचा, पथ्याचा रस्सा होय. परगावी एकटा राहणारा कारकून आजारी पडला तर त्याला पथ्य कोण करून देणार, या प्रश्नाचे उत्तर त्या वाटीत आहे.

हे कारकून आणि विद्यार्थी राहत ‘मेस-बाडी’त. एका घराच्या खोल्या अनेक पुरुषांनी भाड्याने घ्यावयाच्या, स्वयंपाकाला ‘ठाकूर’ म्हणजे बहुधा ओडिया वा बंगाली ब्राह्मण आचारी ठेवावयाचा आणि खर्च वाटून घ्यावयाचा, अशी ही व्यवस्था. बंगाली साहित्यात मेसचे स्थान मोठे आहे. शरदिंदु बंदोपाध्याय हॅरिसन रोडवरील ज्या बोर्डिंग हाऊसमध्ये राहत तेथील वातावरण त्यांच्या ब्योमकेश-कथांत उतरले, आणि ब्योमकेश व अजित यांची पहिली भेटही एका मेसमध्येच घडते. १९५३ च्या ‘साडे चुआत्तर’ या चित्रपटातील सारा विनोद ‘अन्नपूर्णा बोर्डिंग हाऊस’ नावाच्या पुरुषांच्या मेसमध्ये एका तरुणीचे कुटुंब राहावयास आल्याने निर्माण होतो. या चित्रपटात उत्तमकुमार आणि सुचित्रा सेन प्रथमच एकत्र आले, म्हणून तो स्मरणात राहिला. परंतु ज्या शहरात हजारो पुरुष स्त्रियांशिवाय राहतात आणि त्यांच्या भोजनाची सोय बाजारच करतो, त्या शहराचे ते बारकाईने केलेले चित्रण आहे, हे विसरता येत नाही.

मुंबईच्या गिरणगावात परिस्थिती वरकरणी हीच होती. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापड गिरणीची स्थापना केल्यानंतर रत्नागिरी, सातारा आदी जिल्ह्यांतून पुरुष मुंबईत आले, त्यांचे कुटुंब गावी राहिले. एकाच गावचे वीस-पंचवीस पुरुष गावकरी मंडळाच्या खोलीत राहत. पाळ्या वेगवेगळ्या असल्याने एक झोपून उठे तेव्हा दुसरा येऊन त्याच जागी पडे. मात्र येथे भोजनाची व्यवस्था निराळी झाली. कोलकात्यात ती आचारी ठेवणाऱ्या मालकाकडे गेली, तर गिरणगावात ती प्रामुख्याने स्त्रीच्या चुलीवर आली. चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत आपल्या कुटुंबाबरोबर पाच, दहा, पंधरा गिरणी कामगारांचा स्वयंपाक करणारी ‘खाणावळवाली’ ही गिरणगावाची खरी अन्नदाती. तिच्याकडे फलक नव्हता, मेज नव्हते, दरपत्रक नव्हते. दोन वेळचे जेवण आणि महिन्याचा पगार झाल्यावर पैसे, एवढाच करार. जेवणारे बहुधा तिच्या गावचे वा पंचक्रोशीतले असत. म्हणून चव गावाकडची राही आणि विश्वासही गावाकडचाच.

या व्यवस्थेत पतपुरवठा दडलेला होता. कामगार महिनाभर उधारीवर जेवे, खाणावळवाली वाण्याकडून उधारीवर धान्य आणी, आणि वाणी वा सावकार त्यावर व्याज लावी. संपाच्या काळात कामगाराचे पैसे थकत, पण जेवण बंद करणे तिला सहज शक्य नसे. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारवर्गाच्या इतिहासात वस्ती, उधारी आणि संप यांचे हे नाते दाखवून दिले आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासामुळे या जगातील माणसांचे स्वतःचे शब्द अभ्यासकांपुढे आले. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन करून खाणावळवाल्यांना संघटित केले आणि १९६९ मध्ये राष्ट्रीयीकृत झालेल्या बँकांकडून त्यांना कर्जे मिळवून दिली. तोवर कागदोपत्री ही स्त्री धंदेवाईक नव्हती, गृहिणी होती. बँकेच्या अर्जावर तिचा व्यवसाय प्रथमच लिहिला गेला. कोलकात्याच्या चित्रपटातील बोर्डिंग हाऊस आणि मुंबईतील संघटना यांनी एकाच देवतेचे नाव घ्यावे, हा योगायोग मोठा बोलका आहे. तेथे अन्नपूर्णा हे पुरुषांच्या मेसचे नाव आहे, येथे ते स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांनी स्वतःसाठी घेतले.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या संपाची राजकीय कथा अनेकदा सांगितली गेली आहे. महिने लोटले, कामगार गावी परतले, आणि त्यांच्याबरोबर खाणावळीची थकलेली रक्कमही गेली. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकाने संपोत्तर गिरणगावातील घराची पडझड रंगभूमीवर आणली. घरातली चूल हीच जिथे धंद्याची जागा होती, तेथे घर मोडणे आणि धंदा मोडणे या दोन घटना नव्हत्याच.

येथे एक मोठा फरक नोंदवावयास हवा. पाइस हॉटेल रस्त्यावर होते, म्हणून ते ‘शोधले’ जाऊ शकले. त्याला दार होते, नावाची पाटी होती. खाणावळवालीची खोली कोणा खाद्यसमीक्षकाला सापडण्याजोगी नव्हती. तेथे जेवावयाचे तर आधी गिरणीत काम मिळवावे लागे, किंवा त्या गावचे असावे लागे. शहराच्या भोजनसंस्कृतीच्या ज्या याद्या आज सिद्ध होतात त्यांत मुंबईच्या बाजूला इराण्यांची हॉटेले, माटुंग्याचे १९४२ पासूनचे रामा नायकांचे उडुपी भोजनगृह, दादरचे मामा काणे यांचे उपाहारगृह ही नावे असतात. या सर्व संस्था महत्त्वाच्या आहेत. फ्रँक कॉनलन यांनी मुंबईतील बाहेरच्या खाण्याविषयीच्या आपल्या निबंधात सार्वजनिक भोजनगृहांची जडणघडण तपशिलाने मांडली आहे. परंतु संख्येने ज्यांनी मुंबईला अधिक जेवू घातले त्या खोल्या या यादीत येत नाहीत, कारण त्यांना पत्ता होता पण पाटी नव्हती.

पाटीवरील शब्दांचाही इतिहास आहे. कोलकात्यातील इतक्या हॉटेलांच्या नावात ‘हिंदू’ हा शब्द का? आजच्या वाचकाला त्यात धार्मिक अभिमान दिसेल. त्या काळच्या ग्राहकाला त्यात एक आश्वासन दिसे : येथे स्वयंपाक उच्चवर्णीय आचाऱ्याच्या हातचा आहे. रेल्वेने आणि नोकरीने माणसे एकत्र आणली, पण शेजारी बसून जेवण्याचा प्रश्न तिने सोडविला नाही. तो प्रश्न पाटीने सोडवावयाचा होता. मामा काणे यांच्या १९१० मध्ये सुरू झालेल्या उपाहारगृहाच्या नावात ‘स्वच्छ’ हे विशेषण आहे. स्वच्छता हे आधुनिक, आरोग्यशास्त्रीय मूल्य आहे हे खरे. पण त्या काळच्या समाजात स्वच्छता आणि शुद्धता यांच्या सीमारेषा एकमेकींत मिसळलेल्या होत्या, हेही तितकेच खरे. ‘ब्राह्मणी’ म्हणवून घेणारी भोजनगृहे तर या बाबतीत अधिक स्पष्टवक्ती होती.

या पाट्यांच्या आत कोणाला जागा नव्हती, याची साक्ष चरित्रे आणि आत्मकथने देतात. मेघनाद साहा हे पुढे जगद्विख्यात झालेले भौतिकशास्त्रज्ञ १९११ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात आले आणि ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये राहू लागले, तेव्हा त्यांच्या जातीमुळे काही विद्यार्थ्यांनी त्यांच्यासमवेत भोजन करण्यास आक्षेप घेतला. साहा हॉस्टेल सोडून मेसमध्ये गेले. हे घडले ते भवानी दत्त लेनच्या परिसरातच. म्हणजे मेस ही केवळ आर्थिक सोय नव्हती. काहींच्या बाबतीत ती अपमानापासून मिळालेली सुटका होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये बडोद्यात निवासासाठी पारशी खानावळीत आपली ओळख लपवून राहावे लागले आणि ती उघड होताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवला आहे. १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या पुढाकाराने मुंबई विधिमंडळात संमत झालेल्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा इत्यादी अस्पृश्यांना खुल्या करण्याचे तत्त्व मान्य झाले. खासगी भोजनगृहे त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

म्हणूनच भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नामनिर्देश होणे ही लहान गोष्ट नव्हे. जगातील एका मोठ्या प्रजासत्ताकाच्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणात भोजनगृहाचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने अशा ठिकाणी प्रवेश नाकारणे दंडनीय ठरविले. भवानी दत्त लेनमधील हॉटेलाच्या नावात स्वातंत्र्यानंतर ‘स्वाधीन भारत’ हे शब्द आले आणि ‘हिंदू’ हा शब्दही राहिला. दोन कालखंड एकाच पाटीवर असे शेजारी उभे आहेत. जुन्या चवीच्या शोधात निघालेला लेखक ही पाटी ‘गोड’ म्हणून उद्धृत करतो आणि पुढे माशाकडे वळतो. त्याने माशाकडे वळावे, हरकत नाही. पण एखादी जागा कोणाकोणाला चविष्ट लागली हे सांगताना ती कोणाला बंद होती हेही इतिहासाने विचारावयास हवे, नाहीतर तो केवळ जाहिरातीचा विस्तार होतो.

हे सारे बंगाली साहित्याने एका कादंबरीत आधीच सांगून ठेवले आहे. विभूतिभूषण बंदोपाध्याय यांची ‘आदर्श हिंदू हॉटेल’ ही कादंबरी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. ‘पथेर पांचाली’च्या कर्त्याची ही कृती मराठी अभ्यासकांकडून काहीशी दुर्लक्षित राहिली, याचे कारण बहुधा तिचा विषयच असावा. निसर्ग, बालपण, दारिद्र्य यांत काव्य आहे असे आपण मानतो. रेल्वे स्टेशनाजवळच्या हॉटेलातील आचाऱ्यात ते आहे असे मानण्यास मन तयार होत नाही. नायक हाजारी ठाकूर हा चाळिशी ओलांडलेला ब्राह्मण आचारी. राणाघाट स्टेशनाजवळील बेचू चक्रवर्ती यांच्या हॉटेलात तो तुटपुंज्या पगारावर स्वयंपाक करतो. हॉटेलवर खरी सत्ता चालते ती पद्म या दासीची. ती हाजारीचा पदोपदी पाणउतारा करते. ग्राहक त्याच्या हातच्या मांसाची तारीफ करतात, पण ही तारीफ त्याच्या अडचणी वाढवितेच. ज्याच्या हातात कला आहे त्याच्या हातात हॉटेल नाही, या विसंगतीवर कादंबरी उभी आहे.

विभूतिभूषण हाजारीच्या स्वप्नाची जी मांडणी करतात ती लक्षणीय आहे. त्याला श्रीमंती नको आहे. त्याला असे हॉटेल काढावयाचे आहे की जेथे थकून आलेल्या प्रवाशाला शिळे वाढले जाणार नाही आणि त्याची फसवणूक होणार नाही. पाटीवरचा ‘आदर्श’ हा शब्द त्याच्यासाठी विशेषण नसून शपथ आहे. चोरीचा आळ येऊन नोकरी गेल्यावर त्याला भांडवल मिळते ते स्त्रियांकडून. एक आहे त्याच्या गावची गवळी समाजातील कुसुम, जिला तो मुलीसारखी मानतो. दुसरी गावच्या जमीनदाराची मुलगी अतसी. बँक नाही, सावकार नाही, जातीची मंडळी नाहीत. स्त्रियांनी गाठीला बांधून ठेवलेल्या पैशांतून हे हॉटेल उभे राहते. गिरणगावातील खाणावळीच्या अर्थकारणाशी ताडून पाहता हा तपशील वेगळाच अर्थ धारण करतो. दोन्हीकडे भोजनाच्या बाजाराला चालना देणारा पैसा स्त्रियांचा वा स्त्रियांच्या श्रमांचा आहे. बंगाली कादंबरीत तो देणगी म्हणून येतो आणि नायक पुरुष होतो. मराठी वास्तवात तो मजुरी म्हणून येतो, पण तेथे नायिका व्हावयास हवी होती तिला मराठी कादंबरीने मध्यवर्ती जागा क्वचितच दिली. नारायण सुर्वे यांच्या कवितेने गिरणगावाची वस्ती मराठी काव्यात आणली, अण्णा भाऊ साठे यांनी श्रमिकांची मुंबई गायिली. पण खाणावळवालीच्या चुलीपाशी बसून तिचा जमाखर्च समजून घेणारे ‘आदर्श हिंदू हॉटेल’ मराठीत लिहिले गेले नाही. तिची कथा मौखिक इतिहासाच्या संग्रहात आणि संघटनेच्या दप्तरात राहिली.

जातीच्या प्रश्नावर मात्र विभूतिभूषणांच्या कादंबरीला मर्यादा आहेत आणि त्या झाकण्याचे कारण नाही. हाजारीचे ब्राह्मण्य हे त्याच्या धंद्याचे भांडवलच आहे. ‘हिंदू हॉटेल’च्या स्वयंपाकघरात दुसऱ्या जातीचा आचारी चालला नसता. कुसुमचे पैसे चालतात, तिच्या हातचे अन्न हॉटेलात चालले असते का, हा प्रश्न कादंबरी विचारीत नाही. लेखकाची करुणा विशाल आहे, पण ती पंगतीच्या रचनेला हात लावीत नाही. दलित आत्मकथनांनी नंतर जे विचारले ते येथे विचारले गेलेले नाही. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) वाचून झाल्यावर विभूतिभूषणांकडे परतणाऱ्या वाचकाला हॉटेलाच्या दाराबाहेरची जागा अधिक स्पष्ट दिसू लागते.

मुंबईच्या कवितेत या दाराचा प्रश्न निराळ्या रीतीने आला आहे. अरुण कोलटकर काळा घोडा येथील ‘वेसाइड इन’ या उपाहारगृहात वर्षानुवर्षे बसत. ते उपाहारगृह आता नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘काला घोडा पोएम्स’ या इंग्रजी संग्रहातील न्याहारीविषयीची दीर्घ रचना मात्र उपाहारगृहाविषयी नाहीच. ती आहे समोरच्या रस्त्याच्या बेटावर इडल्या घेऊन येणाऱ्या बाईविषयी आणि तिच्याभोवती जमणाऱ्या फुटपाथवरच्या माणसांविषयी. कवी ज्ञात भोजनगृहाच्या खिडकीत बसला आहे आणि त्याची दृष्टी भिंती, छप्पर, पाटी यांपैकी काहीच नसलेल्या भोजनगृहावर आहे. येथे कवी काही ‘शोधून’ काढीत नाही, पत्ता देत नाही, शिफारस करीत नाही. खाद्यलेखन आणि कविता यांच्यातील सीमा दाखविण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

तरीही खाद्यलेखनाला सरसकट उथळ ठरविणे अन्यायाचे होईल. मुंबईत ‘बिझीबी’ या टोपणनावाने लिहिणारे बेहराम कॉन्ट्रॅक्टर (मृत्यू २००१) यांनी महागड्या हॉटेलांइतक्याच आस्थेने साध्या उपाहारगृहांविषयी लिहिले. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या जोनाथन गोल्ड यांनी पिको बुलेव्हार्ड या लांबलचक रस्त्यावरील भोजनगृहांत ओळीने जेवत जाण्याचा उपक्रम तरुणपणी केला, आणि पुढे स्थलांतरितांच्या छोट्या दुकानांविषयी लिहून शहराचा एक नवा नकाशाच उभा केला. २००७ मध्ये समीक्षेचे पुलित्झर पारितोषिक मिळविणारे ते पहिले खाद्यसमीक्षक ठरले. त्यांच्या लेखनात पदार्थाइतकीच तो करणाऱ्याची वाटचालही असे. शहरवर्णनाची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे : कालीप्रसन्न सिंह यांचा ‘हुतोम प्यांचार नक्शा’ १८६२ चा आणि गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ चे. दोन वसाहती नगरांची ही दोन वर्णने जवळजवळ एकाच वेळी सिद्ध झाली. अल्पज्ञात भोजनगृहांच्या लेखनाला आपले पूर्वज शोधावयाचे असतील तर ते मार्गदर्शिकांत नव्हे, या वर्णनांत सापडतील.

२००८ नंतर भोजनगृहांची माहिती संगणकावर आणि पुढे दूरध्वनीवर आली, तेव्हा या शोधाचा वेग बदलला. एखादे पाइस हॉटेल पूर्वी पिढ्यानुपिढ्या तोंडी ख्यातीवर चाले. आता एका लेखाने वा चित्रफितीने आठवडाभरात तेथे रांग लागते. रांगेत नवे ग्राहक असतात, दुपारच्या सुट्टीत जेवून परतावयाचे असलेला कारकून त्यांच्या मागे उभा असतो. मेजावर बसून राहण्याची नव्या ग्राहकाची रीत आणि दहा मिनिटांत पान रिकामे करून उठण्याची जुनी रीत यांची गाठ पडते. उत्पन्न वाढते हे नाकारता येत नाही. काही हॉटेले त्यामुळेच तगली आहेत. जेथे ही ख्याती पोहोचली तरी उपयोगी पडली नाही अशीही उदाहरणे आहेत. गिरगावातील खोताच्या वाडीतील ‘अनंताश्रम’ गोमंतकीय मासळीच्या जेवणासाठी जाणकारांत नावाजलेले होते, त्याविषयी लिहिलेही पुष्कळ गेले, आणि ते बंद झाले. अशा संस्था चवीच्या अभावी क्वचितच मरतात. जागेची किंमत, पुढच्या पिढीची अन्य व्यवसायांकडे ओढ आणि कसबी आचाऱ्यांची टंचाई ही कारणे अधिक खरी आहेत, आणि शोध घेणाऱ्या लेखकाच्या हाती त्यांपैकी एकावरही उपाय नसतो.

‘आदर्श हिंदू हॉटेल’च्या अखेरीस हाजारी यशस्वी झालेला आहे. राणाघाटच्या फलाटावरील हॉटेलचा ठेका त्याला मिळाला आहे. ज्यांनी त्याला छळले ते बेचू चक्रवर्ती आणि पद्म आता त्याच्याच आश्रयाला आहेत. त्याच वेळी त्याला दूरच्या नोकरीचे बोलावणे येते : रेल्वेच्या भोजनगृहांची व्यवस्था पाहावयाची, चांगल्या पगारावर, मुंबईला. राणाघाटच्या आचाऱ्याला विभूतिभूषण मुंबईकडे पाठवितात ते त्याच दशकात, ज्या दशकात गिरणगावाच्या चाळींतून सातारा-रत्नागिरीच्या बाया परळ-लालबागच्या कामगारांसाठी भाकऱ्या थापीत होत्या. हाजारीच्या रेल्वे-भोजनगृहाला फलक असणार, दरपत्रक असणार, हिशेबाची वही असणार. त्या बायांपाशी यांतले काही नव्हते. हाजारी आणि त्या एकाच शहरात, एकाच व्यवसायात, आणि त्यांची गाठ कोणत्याही भाषेतील कादंबरीने घालून दिलेली नाही.